वापरकर्ता-गटांच्या नोंदींचे सुरक्षित वाचन (सी भाषा)

युनिक्स व लिनक्स यांसारख्या बहुवापरकर्ता ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक वापरकर्ता एका किंवा अनेक गटांचा सभासद असतो. कोणती फाइल कोणी वाचावी, कोणत्या यंत्रणेवर कोणाचा अधिकार चालावा, हे बऱ्याच अंशी या गटांवरून ठरते. सी भाषेतील प्रोग्रॅमला गटाची माहिती हवी असल्यास ती प्रमाण लायब्ररीतील ठरावीक फंक्शनांकडून मागवावी लागते. मागवलेली नोंद दुसऱ्या मागणीमुळे पुसली जाणार नाही अशा जागी घेणे, त्या जागेचा आकार पुरेसा असल्याची खात्री करणे आणि ‘असा गट नाही’ व ‘नोंद वाचता आली नाही’ या दोन उत्तरांत भेद करणे, या तीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे गटनोंदींचे वाचन सुरक्षित होते. यांपैकी एक जरी सुटली, तरी प्रोग्रॅम बंद न पडता चुकीच्या व्यक्तीला प्रवेश देऊ शकतो.

या लेखात फंक्शनांची व फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

गट आणि त्याची नोंद

युनिक्सच्या परंपरेत गटांची यादी ‘/ईटीसी/ग्रुप’ या साध्या मजकूर-फाइलीत असते. ही फाइल कोणालाही वाचता येते. बदलण्याचा अधिकार मात्र केवळ प्रशासकाला असतो. फाइलीतील प्रत्येक ओळ म्हणजे एका गटाची नोंद होय. ओळीत अपूर्णविरामाच्या चिन्हाने विभागलेले चार रकाने असतात: गटाचे नाव, पासवर्डचा रकाना, गटाचा क्रमांक आणि स्वल्पविरामाने विभागलेली सभासदांची यादी. आधुनिक लिनक्समध्ये दुसऱ्या रकान्यात बहुधा केवळ ‘एक्स’ हे अक्षर असते. प्रत्यक्ष पासवर्ड असलाच, तर तो इतरांना न दिसणाऱ्या ‘/ईटीसी/जीशॅडो’ या फाइलीत ठेवला जातो.

उदाहरणादाखल रत्नागिरीतील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सर्वांसाठी मिळून एकच लिनक्स सर्व्हर आहे, अशी कल्पना करता येईल. त्यावर प्रश्नपत्रिका हाताळणाऱ्या शिक्षकांचा ‘परीक्षा’ हा गट आणि सर्व विद्यार्थ्यांचा ‘विद्यार्थी’ हा गट आहे. पहिल्या गटाची नोंद देवनागरीत मांडल्यास ‘परीक्षा:एक्स:१००५:शिक्षक१,शिक्षक२’ अशी दिसेल.

सी भाषेत ही नोंद ‘ग्रुप’ नावाच्या संरचनेच्या, म्हणजे स्ट्रक्चरच्या, रूपाने मिळते. तिच्यात नाव, पासवर्ड, क्रमांक आणि सभासदांची यादी असे चार घटक असतात. यांतील क्रमांक हा केवळ एक पूर्णांक असतो. नाव, पासवर्ड व यादी हे मात्र पॉइंटर असतात. म्हणजे त्या घटकांत मजकूर नसून मजकूर कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता असतो. सभासदांची यादी म्हणजे अशा पत्त्यांची रांग असून तिच्या शेवटी रिकामा, म्हणजे नल, पॉइंटर असतो. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या पत्त्यांत आहे.

इतिहास

युनिक्सची जडणघडण १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या पुढाकाराने झाली. गटनोंदी वाचणारी ‘गेटजीआरनॅम’ (नावावरून शोध), ‘गेटजीआरजीआयडी’ (क्रमांकावरून शोध) आणि ‘गेटजीआरएंट’ (एकेक नोंद क्रमाने) ही फंक्शने युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत आढळतात. त्या काळी युनिक्स प्रामुख्याने पीडीपी-११ या संगणकांवर चालत असे. त्या यंत्राच्या सोळा बिटांच्या पत्त्यांतून एका वेळी ६४ किलोबाइट एवढीच मेमरी गाठता येई, आणि एका प्रोग्रॅममध्ये एका वेळी एकच काम चाले. अशा परिस्थितीत लायब्ररीने स्वतःजवळ एकच राखीव जागा ठेवावी आणि प्रत्येक मागणीचे उत्तर तिच्यातच लिहावे, ही रचना काटकसरीची व रास्त होती.

त्या आवृत्तीत वापरकर्ता एका वेळी एकाच गटाच्या अधिकाराने काम करू शके. गट बदलण्यासाठी ‘न्यूजीआरपी’ ही आज्ञा द्यावी लागे. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या १९८३ मधील आवृत्तीपासून एकाच वेळी अनेक गटांचे सभासदत्व शक्य झाले. पुढे एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कार्यप्रवाह, रूढ होऊ लागले. तेव्हा एकमेव राखीव जागेची जुनी रचना अपुरी पडली. १९९५ च्या पॉझिक्स थ्रेड-मानकाने ‘गेटजीआरनॅम_आर’ व ‘गेटजीआरजीआयडी_आर’ ही नवी फंक्शने प्रमाण केली.

जुन्या फंक्शनांतील धोका

‘गेटजीआरनॅम’ला गटाचे नाव दिले असता ते नोंदीचा पत्ता परत करते. ही नोंद प्रोग्रॅमच्या मालकीची नसते. ती लायब्ररीच्या राखीव जागेत असते आणि पुढची मागणी आली की त्याच जागी नवी नोंद लिहिली जाते. वर्गात सर्वांमिळून एकच पाटी असावी आणि प्रत्येकाने आधीचे पुसून आपले गणित लिहावे, तसा हा प्रकार आहे.

वरील उदाहरणात एखाद्या प्रोग्रॅमने प्रथम ‘परीक्षा’ गटाची नोंद मागवून तिचा पत्ता जपून ठेवला आणि नंतर ‘विद्यार्थी’ गटाची नोंद मागवली, असे समजू. आता दोन्ही पत्ते एकाच जागेकडे निर्देश करतात आणि त्या जागी विद्यार्थ्यांची यादी आहे. प्रोग्रॅमने पहिल्या पत्त्याच्या आधारे ‘ही व्यक्ती परीक्षा गटात आहे काय’ असे विचारल्यास उत्तर विद्यार्थ्यांच्या यादीवरून मिळेल. प्रश्नपत्रिका पाहण्याचा अधिकार सर्व विद्यार्थ्यांना मिळेल आणि शिक्षकांना नाकारला जाईल. या साऱ्यात कोणतीही त्रुटी-सूचना दिसणार नाही.

हा दोष घडण्यासाठी अनेक थ्रेड असण्याचीही गरज नसते. दोन मागण्यांच्या मध्ये हाक मारलेल्या दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने गटनोंद मागवली, तरी आधीची नोंद पुसली जाते. अनेक थ्रेड असल्यास स्थिती अधिक बिकट होते. एक थ्रेड यादी वाचत असतानाच दुसरा ती बदलतो. त्यामुळे अर्धी यादी एका गटाची व अर्धी दुसऱ्या गटाची, असे मिश्रण हाती येऊ शकते. शिवाय मोठी नोंद सामावून घेण्यासाठी लायब्ररी आपली जागा वाढवते, तेव्हा जुनी जागा परत केली जाऊ शकते. मग जपून ठेवलेला पत्ता कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या मेमरीकडे निर्देश करू लागतो.

मिळालेल्या संरचनेची प्रत काढून हा प्रश्न सुटत नाही. संरचनेची प्रत काढली असता क्रमांकाची प्रत निघते. नाव व यादी यांचे मात्र केवळ पत्ते उतरवले जातात. मूळ जागा बदलली की ही प्रतही बदललेला मजकूर दाखवते.

सुरक्षित आवृत्ती

‘गेटजीआरनॅम_आर’ या नावाच्या शेवटी असलेले ‘आर’ हे अक्षर ‘पुनःप्रवेश्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. या फंक्शनला पाच गोष्टी द्याव्या लागतात: गटाचे नाव, संरचना भरण्यासाठी जागा, मजकूर ठेवण्यासाठी बफर, त्या बफरचा आकार आणि निकालाचा पॉइंटर लिहिण्यासाठी जागा. ‘गेटजीआरजीआयडी_आर’मध्ये नावाऐवजी क्रमांक द्यावा लागतो, उर्वरित रचना तीच असते.

येथे पाटी मागणाऱ्याचीच असते. प्रत्येक थ्रेडने आपला बफर स्वतंत्र ठेवला, तर एकाची नोंद दुसऱ्याकडून पुसली जात नाही. मात्र जागेची जबाबदारीही आता मागणाऱ्यावर येते. संरचनेतील नाव व यादी यांचे पत्ते त्याच बफरच्या आतील असतात. म्हणून नोंदीचे काम संपेपर्यंत बफर परत करता येत नाही, तसेच यशस्वी उत्तरानंतर त्याचा आकार बदलून तो अन्यत्र हलवताही येत नाही. बफर फंक्शनच्या स्थानिक जागेत घेतला असेल, तर ते फंक्शन संपताच नोंदही निरर्थक होते.

वाचनाची पद्धत

सर्वसाधारणपणे पुढील क्रम पाळला जातो.

१. ‘सिसकॉन्फ’ या फंक्शनला बफरचा सुरुवातीचा आकार विचारावा. मिळणारा आकडा ही केवळ सूचना असते, कमाल मर्यादा नव्हे. लिनक्सवरील ग्नू सी लायब्ररी १०२४ बाइट असे उत्तर देते. मोठ्या गटाला तेवढी जागा पुरत नाही.

२. काही प्रणालींत ‘सिसकॉन्फ’चे उत्तर उणे १ असे येते. त्याचा अर्थ ‘निश्चित आकडा नाही’ असा होतो. हे उत्तर न तपासता आकाराच्या चिन्हरहित प्रकारात घातले, तर उणे १ चा प्रचंड मोठा धन आकडा होतो. म्हणून आधी तपासणी करून, उत्तर उणे असल्यास स्वतःचा प्रारंभिक आकार वापरावा.

३. ‘मॅलॉक’कडून तेवढी मेमरी मागावी आणि ती मिळाल्याची खात्री करावी.

४. फंक्शनला हाक मारून त्याने परत केलेला आकडा पाहावा. हा आकडाच त्रुटीचा क्रमांक असतो. त्यासाठी ‘एररनो’ या सार्वत्रिक चलाकडे पाहण्याची गरज नसते.

५. आकडा ‘ईरेंज’ असल्यास बफर अपुरा पडला, असे समजावे. आकार दुप्पट करून पुन्हा मागणी करावी. दुप्पट करण्याला एक वरची मर्यादा असावी. अन्यथा बिघडलेल्या नोंदीमुळे प्रोग्रॅम सारी मेमरी गिळंकृत करू शकतो.

६. आकडा ‘ईआयएनटीआर’ असल्यास सिग्नलमुळे काम मध्येच थांबले, असा अर्थ होतो. पुन्हा प्रयत्न करावा. इतर कोणतीही त्रुटी असल्यास ती मागणाऱ्यापर्यंत पोचवावी.

७. आकडा शून्य असेल आणि निकालाचा पॉइंटर भरलेला असेल, तरच नोंद सापडली असे मानावे. आवश्यक तो मजकूर वापरून झाल्यावर किंवा त्याची पूर्ण प्रत काढल्यावर बफर परत करावा.

‘नाही’ आणि ‘कळले नाही’

पॉझिक्स मानकानुसार फंक्शनने शून्य परत केले आणि निकालाचा पॉइंटर रिकामा ठेवला, तर असा गट अस्तित्वात नाही. आकडा शून्येतर असल्यास गट आहे की नाही हे कळलेच नाही. प्रत्यक्षात काही प्रणाली गट नसल्याचे सांगण्यासाठीही ‘ईएनओईएनटी’ किंवा ‘ईएसआरसीएच’ यांसारखे क्रमांक परत करतात. म्हणून अनेक प्रणालींवर चालावयाच्या प्रोग्रॅममध्ये या क्रमांकांची स्वतंत्र दखल घ्यावी लागते. जुन्या ‘गेटजीआरनॅम’मध्ये दोन्ही प्रसंगी रिकामा पॉइंटरच मिळतो, तेथे हाक मारण्यापूर्वी ‘एररनो’ शून्य करून नंतर ते तपासणे, एवढाच उपाय उरतो.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. समजा, काही व्यक्तींना प्रवेश नाकारण्यासाठी ‘मनाई’ नावाचा गट केला आहे आणि ‘गट सापडला नाही, तर सर्वांना प्रवेश’ असा प्रोग्रॅमचा नियम आहे. गटांची माहिती देणारा सर्व्हर काही काळ बंद पडला आणि प्रोग्रॅमने त्या त्रुटीला ‘गट नाही’ असे वाचले, तर ज्यांना मनाई आहे त्यांनाही दार उघडे होईल. त्यामुळे अधिकाराचा निर्णय करताना, माहिती मिळाली नसेल तर प्रवेश नाकारावा, हा नियम सुरक्षित मानला जातो.

सभासदत्वाची तपासणी

गटाची नोंद बिनचूक मिळाली, तरी तिच्यातील यादीवरून सभासदत्व पूर्णपणे ठरत नाही. प्रत्येक वापरकर्त्याचा एक प्राथमिक गट असतो व त्याचा क्रमांक ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ या दुसऱ्या फाइलीत नोंदलेला असतो. ज्यांचा हा प्राथमिक गट आहे, त्यांची नावे गटाच्या यादीत असतीलच असे नाही. ‘विद्यार्थी’ हा सर्व विद्यार्थ्यांचा प्राथमिक गट असेल, तर त्याची यादी रिकामीही असू शकते. केवळ यादी पाहणारा प्रोग्रॅम अशा वेळी गटात कोणीच नाही, असा निष्कर्ष काढील.

नावांची तुलना संपूर्ण शब्दाची असावी लागते. ओळीत केवळ अक्षरसमूह शोधल्यास ‘शिक्षक१’ हे नाव ‘शिक्षक१०’ या नावातही सापडते आणि परक्या व्यक्तीला अधिकार मिळतो. फाइल स्वतःच उघडून वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही चूक विशेषेकरून संभवते.

एखाद्या वापरकर्त्याचे सर्व गट हवे असल्यास ‘गेटग्रुपलिस्ट’ हे फंक्शन सोयीचे असते. ते प्राथमिक गटही यादीत धरते आणि दिलेली जागा अपुरी असल्यास आवश्यक संख्या कळवते. हे फंक्शन बीएसडी परंपरेतील असून ग्नू सी लायब्ररीतही उपलब्ध आहे. या लायब्ररीच्या २.३.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत त्यात एक गंभीर दोष होता: दिलेली जागा संपली तरी ते सर्व गट लिहीत राही आणि पलीकडील मेमरीवर अतिक्रमण करी. जागेचा आकार सांगणे पुरेसे नसून तो प्रत्यक्ष पाळला जाणेही आवश्यक असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

चालू प्रक्रियेला या क्षणी कोणत्या गटांचा अधिकार आहे, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘गेटग्रुप्स’ हे फंक्शन कर्नेलकडून आणते. हे अधिकार लॉगिनच्या वेळी ठरतात. एखाद्या शिक्षकाचे नाव आज ‘परीक्षा’ गटातून काढले, तरी त्याच्या आधीपासून चालू असलेल्या प्रक्रिया जुन्या अधिकारानेच चालत राहतात.

नोंदींचा उगम

गटांची माहिती प्रत्येक वेळी स्थानिक फाइलीतूनच येते, असे नाही. लिनक्समध्ये ती कोठून घ्यावी हे ‘/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’ या फाइलीत ठरवलेले असते. मोठ्या संस्थांत ही माहिती एलडॅपसारख्या मध्यवर्ती निर्देशिकेत असते. त्यामुळे ‘/ईटीसी/ग्रुप’ स्वतः उघडून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला मध्यवर्ती गट दिसतच नाहीत; प्रमाण फंक्शनांना ते दिसतात. या सोयीबरोबर नेटवर्कचा विलंब व बिघाडही येतात. काही ठिकाणी भार कमी करण्यासाठी मोठ्या गटांच्या सभासदांची यादी देणे मुद्दाम बंद ठेवले जाते. तेथे रिकामी यादी म्हणजे रिकामा गट नव्हे.

सर्व गट क्रमाने वाचण्यासाठी ‘गेटजीआरएंट’ वापरले जाते. त्याची ‘_आर’ आवृत्ती ग्नू लायब्ररीत आहे. ती पॉझिक्स मानकाचा भाग नाही. तिच्यात बफर स्वतंत्र असला, तरी यादीत आपण कोठवर आलो ही खूण सर्व थ्रेडमध्ये सामायिक असते. दोन थ्रेड एकाच वेळी वाचू लागल्यास काही नोंदी एकाला तर काही दुसऱ्याला मिळतात आणि संपूर्ण यादी कोणालाच मिळत नाही. म्हणून असे वाचन एकाच थ्रेडकडे सोपवावे किंवा कुलूप, म्हणजे म्युटेक्स, लावून करावे.

मर्यादा

सुरक्षित वाचनाने नोंद शुद्ध मिळते; पण ती मिळाल्यानंतर व निर्णय होण्यापूर्वी गट बदलू शकतो. त्यामुळे फाइलींच्या बाबतीत प्रोग्रॅमने स्वतः गट तपासून निर्णय घेण्यापेक्षा फाइलीवर योग्य परवानग्या ठेवाव्यात आणि ती उघडण्याचा निर्णय कर्नेलवर सोपवावा, हे श्रेयस्कर ठरते.

प्रशासकाच्या अधिकाराने सुरू होऊन नंतर सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारावर उतरणाऱ्या सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये क्रमालाही महत्त्व असते. आधी ‘इनिटग्रुप्स’ व ‘सेटजीआयडी’ने गट बदलावे लागतात आणि शेवटी ‘सेटयूआयडी’ने वापरकर्ता. क्रम उलटल्यास गट बदलण्याचा अधिकारच उरत नाही आणि प्रशासकाचे गट प्रक्रियेला चिकटून राहतात. या प्रत्येक फंक्शनचे उत्तर तपासणेही आवश्यक असते.

चाचणीची साधनेही येथे पूर्णपणे उपयोगी पडत नाहीत. परत केलेल्या मेमरीचा वापर ‘ॲड्रेससॅनिटायझर’सारखे साधन पकडते. लायब्ररीच्या राखीव जागेतील नोंद बदलली जाणे हा मात्र मेमरीच्या नियमांचा भंग नसतो. म्हणून तो दोष या साधनाच्या नजरेतून सुटतो. तो प्रोग्रॅम वाचूनच शोधावा लागतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

अनेक वापरकर्त्यांच्या सामायिक लिनक्स यंत्रणा महाराष्ट्रात संशोधन व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत आढळतात. पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१३ मध्ये कार्यान्वित केलेला ‘परम युवा २’ हा महासंगणक लिनक्सवर चालणारा होता. अशा यंत्रावर वेगवेगळ्या प्रकल्पांचे संशोधक एकत्र काम करतात आणि एका प्रकल्पाची सामग्री दुसऱ्यापासून वेगळी राखण्यासाठी वापरकर्ता-गट हे मूलभूत साधन ठरते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स व सी भाषेचे प्राथमिक पाठ मराठीतून उपलब्ध आहेत. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर ‘आयडी’ ही आज्ञा देऊन स्वतःचे गट, तर ‘गेटएंट ग्रुप’ ही आज्ञा देऊन यंत्रणेला दिसणारे गट पाहता येतात. प्रोग्रॅमने दिलेले उत्तर पडताळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय.